चार बंगले, एक चूल

१२ नोव्हेंबर १९५६, चिंचवड

आज चाकणला जाऊन आलो. कांद्याचे अडते नानासाहेब, त्यांचा निरोप होता. कांद्याच्या वखारीची भिंत खचली असेल म्हणून ओळंबा पिशवीत टाकून गेलो, तर काम निघालं डोंगराएवढं. मावळात, वीजवाल्यांच्या धरणाच्या तळ्याकाठी त्यांनी एक अख्खा उतार विकत घेतलाय. तिथे पाच बंगले बांधायचे. चार मुलांचे चार आणि मधोमध नवराबायकोचं मोठं घर. बांधणार मी.

हल्ली हे खूळच निघालंय. लोणावळ्याला मुंबईवाल्यांचे बंगले होतेच, आता आमच्याकडच्या अडत्यांनाही डोंगर आणि पाणी दिसायला लागलं. पूर्वी पैसा झाला की माणूस देवळाला ओवरी बांधायचा, आता तळ्याकडे तोंड करून सज्जा बांधतो. माझं काय जातं? ओवरी बांधली, सज्जाही बांधीन.

नानासाहेब म्हणाले, "थोरला पुण्यात, दुसरा मुंबईला, बाकीची दोघं नाशिक अन् कोल्हापूर धरून बसल्यात. हितं आमी दोघंच. वर्षातनं म्हैनाभर तरी समदी एका जागी दिसावी. एका घरात ठिवली तर भांडत्यात, म्हनून येगळी घरं. पन आवार येकच."

यशोदाबाई, म्हणजे त्यांचं कुटुंब, आतल्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बंगलं कितीबी बांधा दत्तोबा, चूल येकच ठिवा. माझ्या घरात. समदी जेवायला माझ्या पंगतीला येतील."

मला हे फार पटलं. घर भिंतींनी एक राहत नाही, चुलीने राहतं. आमचंच बघा ना. मी, आमचं घरचं सरकार म्हणजे दुर्गाबाई, धाकटा भाऊ ज्योतीराम, त्याची बायको शालन आणि त्यांची ठकू. वडील गेले तेव्हा ज्योती चड्डी सावरत हिंडत होता, मीच वाढवला. आता पिंपरीला औषधांच्या कंपनीत आहे. आम्हा उभयतांना मूलबाळ नाही, ठकू माझ्याच ताटात जेवते. आळीत तीन घरं फुटली, पण आमच्या घरात अजून एकच चूल आहे. हे मी कोणालाही ताठ मानेने सांगतो.

२० नोव्हेंबर, तळ्यावर

कामशेतला उतरून बैलगाडीने आलो. सगळी हाडं खिळखिळी झाली. पण जागा बघून सगळं विसरलो. पाणी इतकं स्वच्छ की पलीकडचा डोंगर त्यात उलटा दिसतो. जवळच्या वाडीतला सोनबा गवंडी हाताखाली घेतलाय. तोंडाळ आहे, पण थापी हातात घेतली की कोपरा असा काढतो की बघत राहावं.

मोठ्या घरात जेवणघर आखलं. घरातली सगळी माणसं, सुना-नातवंडांसह, एका पंगतीला बसतील एवढं. नानासाहेब स्वतः आले होते. गुडघे धरून दगडावर बसले आणि रिकाम्या जमिनीकडे बोट दाखवून कोण कुठे बसेल ते सांगू लागले. धाकट्याला म्हणे खिडकीजवळ बसायला आवडतं, चार घास खातो आणि बाहेर बघतो. धाकटा आता तीस वर्षांचा आहे.

९ डिसेंबर, चिंचवड

रविवार म्हणून घरी. ज्योतीला रात्रपाळी लागली आहे. कंपनीने त्याला पार साहेब करून टाकलाय. पहाटे घरी येतो आणि काही गरम आहे का म्हणून विचारतो. सरकार रात्री लवकर चूल सारवून मोकळ्या होतात, त्या पहाटे कशाला फुंकत बसतील? म्हणाल्या, "शिळी भाकरी अन् ठेचा हाय, खायचा तर खा." मला हसू आलं. आम्ही शिळ्या भाकरीवरच वाढलो.

सरकारांचा कारभार कडक आहे. तूप, गूळ सगळं स्वतःच्या पेटीत कुलपात. म्हणून तर घर चालतं.

२१ डिसेंबर, तळ्यावर

आज गंमत झाली. नानासाहेबांचे थोरले उद्धवराव बायकोला जागा दाखवायला मोटारीने आले. ते पाण्याकडे गेल्यावर सूनबाई हळूच माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "दत्तोबा, आमच्या बंगल्यात मागच्या बाजूला एक लहान खोली निघेल का? चूल मांडण्यापुरती. देवाचा नैवेद्य तेवढा माझ्या हातचा लागतो." मी म्हटलं, यशोदाबाईंनी चूल एकच सांगितली आहे. तर म्हणाल्या, "त्यांना कशाला सांगायचं? त्यांच्या जिवाला उगाच लागेल."

मी म्हटलं, मग स्टोव्ह ठेवा. त्यावर म्हणाल्या, "स्टोव्हचा आवाज मोठ्या घरापर्यंत जाईल हो."

नैवेद्याचं काम, नाही कसं म्हणावं? मोरीला लागून खोली आखली. धुराडं काढावंच लागेल, नाहीतर चुना काळा पडेल. कोणी विचारलं तर न्हाणीच्या बंबाचं म्हणून सांगता येईल.

१६ जानेवारी १९५७, तळ्यावर

दुसऱ्या सूनबाईंनी मुंबईहून माणूस पाठवला. मूल लहान आहे, रात्री दूध ऊन करायला लागतं. थोरलीला कळू देऊ नका. तिसऱ्या सूनबाई स्वतः येऊन गेल्या. नवऱ्याला पोटाचं दुखणं, पथ्याचं लागतं. त्याही म्हणाल्या, कोणाला कळू देऊ नका. माझं पोट म्हणजे आता या घराची तिजोरी झालं आहे. मोठ्या घरच्या लेकीसुना आपल्याशी विश्वासाने बोलतात याचं बरंही वाटतं. आमच्यात तशी पद्धत नाही. धाकट्याची बायको थोरल्या दिराशी तोंड उघडून बोलत नाही. शालन येऊन सात वर्षं झाली. तिला काही हवं असेल तर सरकारांना सांगते, आणि मला सांगण्यासारखं असेल तर सरकार सांगतात.

संक्रांतीला घरी गेलो होतो. ठकूला खोकला झालाय. शालनला रात्री तिच्यासाठी दूध ऊन करायचं होतं असं ज्योती म्हणाला. सरकार म्हणाल्या, रात्रीची चूल पेटवली तर अर्धा भारा लाकूड जातं, सकाळी देऊ की. तेही खरंच आहे. मी ठकूला तिळाचा लाडू दिला, तर खोकतच खाल्ला.

११ फेब्रुवारी, तळ्यावर

धाकट्या सूनबाई आल्या. नवीन लग्न, वेणी, गॉगल. मी आधीच विचारलं, "बाई, तुमचं काय? नैवेद्य, दूध की पथ्य?" त्या हसल्या. म्हणाल्या, "यातलं काहीच नाही. मला सकाळी माझ्या हाताने चहा करून, तळ्याकडे बघत प्यायचाय. कोणी विचारायला नको, साखर किती टाकलीस." मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांचीही खोली आखली.

सोनबा म्हणाला, "मालक, घरं पाच अन् धुराडीबी पाच. म्हातारीला ठावं हाय का?"

मी म्हटलं, "बंबाची हायती ती."

"चार बंब? पानी लई थंड असंल तळ्याचं."

त्याला चुना मळायच्या घाणीवर पिटाळला.

१ एप्रिल, चिंचवड

पाडवा. आणि आजपासूनच नवे पैसेही सुरू झाले. स्टेशनवर तिकिटाला उभे असलेले सगळे आण्याचे पैसे करत बसले होते, गाडी चुकली.

तळ्याकाठचं काम संपत आलं. आता रविवारी बघायला येणाऱ्यांचीच गर्दी होते. पुण्याचे एक यशवंतराव, लाकडाच्या वखारीवाले, तीन भाऊ आहेत. सगळं हिंडून बघितलं आणि म्हणाले, "असंच करायचं आम्हाला. एकत्रही राहता येतं आणि एकमेकांच्या पायातही येत नाही." जो येतो तो हेच म्हणतो. तळ्याचा सगळा काठ विकला जाईल अशी चिन्हं आहेत.

घरी पुरणपोळी होती. ज्योती मुकाट्याने जेवला. काही तरी बोलायचं होतं त्याला. "दादा, मागची पडवी रिकामीच असती न्हाई?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, पावसाळ्याआधी तिथे तुम्हाला झकास खोली काढून देतो, खिडक्या तळ्यावरच्यासारख्या. त्याने मान हलवली. शालन सरकारांच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने ज्योतीकडे बघितलं, मग खाली. लाजली असेल.

२ मे, तळ्यावर

अक्षय तृतीया. वास्तुशांत झाली. चारही मुलगे, सुना, नातवंडं. पूजेनंतर गावजेवण, आज सगळे एका पंगतीला बसले. यशोदाबाई वाढत होत्या. त्यांच्या तोंडावर इतकं सुख होतं की मला पुढे बघवेना. नानासाहेबांनी सगळ्यांसमोर मला शालजोडी दिली. धाकटे खिडकीजवळच बसले होते.

३ मे, तळ्यावर

हे लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

सकाळी सोनबाने हाक मारली. बाहेर येऊन पाहिलं. तळ्यावर वारा नव्हता. चारही बंगल्यांतून धूर सरळ वर चालला होता. मोठ्या घराचा पाचवा. तळ्यात ते पाचही उलटे दिसत होते.

यशोदाबाई पहाटेपासून स्वयंपाकाला लागल्या होत्या. दुपारी पाट मांडले, पाणी ठेवलं आणि गड्याला बोलवायला पाठवला. तो एकेका बंगल्यावर जाऊन आला. थोरल्यांकडे नैवेद्य झाला होता, मग तिथेच जेवले. दुसऱ्यांकडचं मूल झोपलं होतं. तिसऱ्यांचं पथ्य. धाकटी दोघं नुकतीच उठून चहा घेत होती, म्हणाली, आम्हाला इतक्यात भूक नाही. प्रत्येक जण गोड बोलला. भांडण कोणीच केलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

यशोदाबाई दाराशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "गडीमान्सांना बोलवा. अन्न वाया जाऊ नये."

मी, सोनबा आणि बिगारी त्या पाटांवर बसलो. नानासाहेब आमच्या पंगतीला होते. ते मला कधी विचारतात याची वाट बघत होतो. सांगणार होतो की सुनांनी गळ घातली, मी काय करणार. पण त्यांनी ते विचारलंच नाही.

"दत्तोबा," ते म्हणाले, "तुमच्या घरी चुली किती?"

"येकच, नानासाहेब."

"भाग्यवान हायसा." आणि भात कालवत राहिले.

६ मे, तळ्यावर

महिनाभर राहायला आलेले सगळे आज गेले. कोणाचा धंदा, कोणाची शाळा, आणि शाळा तर सुट्टीत बंदच आहेत. नानासाहेब आणि यशोदाबाई राहिले. जेवणघराला कडी घातली, दोघं आता स्वयंपाकघरातच जेवतात.

चूक कुठे झाली ते मला कळलं आहे. त्या चार खोल्या मी बांधायला नको होत्या. बाईमाणसांनी गोड बोलून काम काढून घेतलं. चूल दिली नसती तर आले असते सगळे पंगतीला, जाणार होते कुठे? चूल ही चीजच अशी आहे की एकाला दुसरी दिली की घर उसवलंच. हे मी आता जन्मात विसरणार नाही.

१९ मे, चिंचवड

आज ज्योतीने तोंड उघडलं. जेवण झाल्यावर माझ्यासमोर बसला, मान खाली.

"दादा, येक मागायचंय. मागच्या पडवीत आमाला येक चूल मांडू द्या."

मी विचारलं, "का?"

"मी पाळीवरनं येतो. ठकूला कवा दूध लागतं, कवा काय. वैनींना तरास नको. बाकी समदं हाय तसंच ऱ्हाईल. पगार तुमच्याच हातात देईन. आमी कुटं जात न्हाई."

सरकार भांडी आवरत होत्या. त्यांचा हात थांबला.

माझ्या डोळ्यासमोर तो धूर उभा राहिला. आणि पाटांवर बसलेले बिगारी. मी म्हटलं, "ज्योती, खोली माग, देतो. माझ्या हिश्शाचं वावर माग, देतो. दुसरी चूल या घरात मी जिवंत असेतो पेटायची न्हाई. आळीत तोंड दाखवायचं हाय मला."

"लोकांचं सोडा, दादा."

"मी नानासाहेबांचं घर बघून आलोय. मला शिकवू नगंस."

तो उठून गेला. रागावून नाही. राग असता तर मी समजूत काढली असती.

मी बरोबरच केलं. एकदा ठाम राहिलं की माणसं जागेवर राहतात.

२ जून, चिंचवड

ज्योतीला कंपनीचं घर मिळालं. पिंपरीला, कामगारांच्या चाळीत. त्याने अर्ज केला होता हे मला माहीत नव्हतं. म्हणाला, पाळीला बरं पडेल.

९ जून

गेले. एका हातगाडीत मावला त्यांचा संसार. शालन सरकारांच्या पाया पडली, मला लांबून नमस्कार केला. ठकूला वाटलं जत्रेला निघालो. गाडीवर बसायला मिळालं म्हणून खूश होती. वळणावर तिने हात केला.

आळीतल्या लोकांना मी सांगितलं, कंपनीचा नियमच आहे, कामगाराला जवळ राहावं लागतं. सगळ्यांनी माना हलवल्या. भिमाजी नाभिक तर म्हणाला, "व्हय की, नेम म्हंजे नेम." माझी हजामत करताना त्याने माझ्याकडे आरशातूनही बघितलं नाही.

संध्याकाळी सरकार चुलीपुढे बसल्या होत्या. मी पाणी मागितलं तर दिलं. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "द्यायची व्हती येक चूल. माझंबी चुकलं. पोर खोकायची रात्रभर, मला ऐकू यायचं. मी झोपल्याचं सोंग करायची."

मी त्यांच्यावर ओरडलो. इतक्या वर्षांत असा कधी ओरडलो नव्हतो. त्या रडल्या नाहीत, मीच बाहेर जाऊन बसलो.

२३ जून, चाकण

नानासाहेबांना भेटून आलो. तळ्यावरून दोघं परत आलेत. बंगल्यांना कुलपं. यशोदाबाई बऱ्याच वाळल्या आहेत. यशवंतरावांसाठी तशीच जागा बांधायची मला विचारणा झाली, ते नानासाहेबांना सांगितलं. म्हणाले, "बांधा की. लोकं मागतील तर बांधावं." मग म्हणाले, "आमाला वाटलं व्हतं, घर केलं की पोरं येतील. आली बी. येऊन आपापल्या घरी गेली." मला ज्योतीचं सांगायचं होतं. त्यांनी मे महिन्यात भाग्यवान म्हटलं होतं, म्हणून तोंड उघडवेना.

यशवंतरावांचं काम घेणार नाही.

७ जुलै, चिंचवड

आज रविवार, पिंपरीला गेलो. ज्योतीने जेवायला बोलावलं होतं. सरकारांना म्हटलं चला, तर म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं यू?" त्यांनी पेटीतून तुपाचा तांब्या काढून माझ्या हातात दिला. कुलूप उघडंच राहिलं होतं.

दोन खोल्यांचं घर. आत स्वयंपाकाची खोली एवढीशी, उभं राहिलं की डोकं मांडणीला लागेल. पण लख्ख. शेणाने सारवलेली चूल, कडेने पांढरी बोटं ओढलेली. गवंड्याच्या नजरेने बघितलं, धुराची सोय बेताचीच होती. भिंत आत्ताच काळी पडू लागली आहे. मी सांगणार होतो की एक वीट काढून देतो, मग गप्प राहिलो.

ज्योती अंगाने भरलाय. ठकूचा खोकला गेला. ती धावत येऊन गळ्यात पडली, मग लगेच तिच्या खेळाकडे गेली.

माझ्यासाठी पाट मांडला होता, त्याभोवती रांगोळी. शालनने पाय धुवायला पाणी दिलं. मी जेवायला बसेपर्यंत ज्योती बसला नाही. ठकूला मी माझ्या ताटाकडे बोलावलं, तर ती म्हणाली, "माझं ताट येगळं हाय," आणि तिची लहान पितळी थाळी दाखवली.

भाकरी तव्यावरची, वाफ निघत होती. ज्योती खाली मान घालून तीन भाकऱ्या जेवला. माझ्या घरी तो दीड खायचा. मला वाटायचं त्याला भूकच तेवढी.

शालन वाढायला आली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. वाढून झाल्यावर गेली नाही, तिथेच थांबली. आणि माझ्याशी बोलली. मध्ये कोणी नाही, सरळ मला म्हणाली, "भावजी, मीठ बराबर पडलंय का?"

आवाज कसा आहे तिचा, मला माहीतच नव्हतं. लहान मुलीसारखा आहे.

मी म्हटलं, "बराबर हाय." अळणी होतं जरा. घरच्या माणसाला मिठाचं कोणी विचारत नाही, तो हात लांब करून आपलं आपण घेतो. डोळ्यांना पाणी आलं, तर धुराचं म्हणून सांगितलं. ज्योतीने उठून खिडकी उघडली.

ती चूल मी माझ्या पडवीत दिली असती तर आज हेच जेवण तिथे जेवलो असतो. परक्यांसाठी चोरून चार बांधल्या. माझ्या भावाने उघड एक मागितली.

निघालो तेव्हा तिघंही दारापर्यंत आली. ज्योती म्हणाला, "येत जावा, दादा."

पाहुणा निघाला की त्याला असं म्हणायचं असतं, हे त्याला लहानपणी मीच शिकवलं.